शंका आली की अडवा

माझ्या ताईचा नवरा आमच्याच हॉस्पिटलात वायरवाला होता. कागदोपत्री हुद्दा चांगला लांबलचक होता, पण शिडीवर चढून छतातून वायरी ओढणाऱ्या माणसाला हुद्द्याने कोण हाक मारतो? मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना वायरवाले म्हणत. मी तेवढी भाऊजी म्हणायची, आणि येताजाता टोमणे मारायची. ते चिडायचे नाहीत, हीच माझी मोठी तक्रार होती. चिडवूनही जो चिडत नाही, त्या माणसाची मेहुणी होण्यात काय राम आहे?

मी तळमजल्यावर लॅबच्या खिडकीत बसते. बाहेरून येणाऱ्या पेशंटना छापलेला रिपोर्ट द्यायचा, सही घ्यायची, पुढच्याला बोलवायचं, एवढंच माझं काम. वॉर्डात भरती असलेल्यांचे रिपोर्ट कागदावर जात नाहीत. मशीनने रक्त तपासलं की आकडे वायरीतून सरळ वरच्या सिस्टरच्या पडद्यावर उमटतात. पूर्वी एखादा आकडा जिवावर बेतणारा आला तर टेक्निशियन धावत जाऊन वॉर्डात फोन करायचा. पडदे आले आणि फोन बंद करण्याचं फर्मान निघालं. पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकतात, मग फोन कशाला? मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण खिडकीतल्या बाईला कोण विचारतो.

भाऊजींना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नाही. डॉक्टर म्हणाले माझ्या मुलाचा लॅपटॉप बघा, बघितला. स्टोअरकीपर म्हणाला घरचा पंखा आवाज करतो, सुट्टीच्या दिवशी जाऊन तो उतरवला. दारावर दोनदा टकटक केल्याशिवाय ते कुठल्या खोलीत शिरत नसत, रिकाम्या खोलीतसुद्धा नाही. ताई म्हणायची, "यांना कुणी पायपुसणं केलं तरी हे विचारतील, पाय नीट पुसले का?" ती हसून म्हणायची, पण तिला ते लागत होतं. पन्नाशीला आलेला नवरा, आणि त्याला अजून कुणी केबिनमध्ये बसायला सांगितलेलं नव्हतं.

मग शहरातल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलात चोर शिरले. दारातून नव्हे, वायरीतून. एका सकाळी तिथले सगळे कॉम्प्युटर कुलूपबंद झाले आणि पेशंटना रिक्षात घालून आमच्याकडे आणावं लागलं. आमच्या मोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. थोड्याच दिवसांनी मानांकन समितीही येणार होती. साहेबांनी एक पेटी मागवली. हॉस्पिटलमधली सगळी ये-जा त्या पेटीतून व्हायची. कोणता कॉम्प्युटर कुणाशी काय बोलतोय ते ती ऐकायची आणि चोराची चाल दिसली की ती वाट बंद करायची. पण समितीच्या नियमानुसार अशी पेटी चालवायला प्रशिक्षण घेतलेला, परीक्षा पास झालेला माणूस लागतो. साहेबांनी भाऊजींना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बसा."

ते बसले, हे त्यांनी आम्हाला जेवताना दोनदा सांगितलं.

क्लास एका फर्निचरच्या दुकानाच्या वर होता. सुट्टीच्या दिवशी भाऊजी तिथे जायचे आणि कपड्यांना पॉलिशचा वास घेऊन परत यायचे. वर्गात सगळी पोरंसोरं. शिकवणारे सरही भाऊजींपेक्षा कितीतरी लहान, इस्त्रीचा शर्ट, बोलणं धारदार. पेटीला दोन रीती असतात, हे मलासुद्धा भाऊजींमुळे पाठ झालं. एका रीतीत ती नुसती बघते आणि संशय आला तर कळवते. दुसऱ्या रीतीत ती अडवते. पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं की नव्या जागी पेटीला आधी काही आठवडे नुसतं बघू द्यावं, तिथलं कोण कसं बोलतं ते कळू द्यावं, मग अडवायला लावावं. भाऊजींनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. ताई त्यांचे प्रश्न घ्यायची. एका हाताने भांडी घासत, दुसऱ्या हातात पुस्तक धरून ती असे काही शब्द वाचायची की मी हसून आडवी व्हायची. ती मात्र गंभीर होती.

पण परीक्षेतले बरेचसे गुण प्रात्यक्षिकाला होते, आणि सरांच्या प्रात्यक्षिकाची रीत वेगळी होती. प्रत्येकाला कॉम्प्युटरमध्ये एक खोटं ऑफिस मिळायचं. सर शेजारच्या खोलीत जाऊन बसायचे आणि चोर व्हायचे. ज्याचं ऑफिस वाचलं तो पास. एका दुपारात सगळा खेळ, तिथे आठवडे कुठून येणार? पहिल्या सरावाला भाऊजींनी पुस्तकाप्रमाणे पेटी बघायला लावली. सरांनी तासाभरात त्यांचं ऑफिस धुऊन नेलं. मग वर्गात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, तुम्ही खिडकीत बसून गंमत बघत होता का? शंका आली की अडवा. माफी नंतर मागता येते."

पोरं हसली. कुणी हसलं तर भाऊजी स्वतःही हसायचे, ही त्यांची जुनी सवय. त्या दिवशी ते हसले नाहीत. घरी येऊन जेवले नाहीत. ताईने मला फोन केला, "काय झालंय गं यांना?"

पुढच्या सरावाला त्यांनी पेटी आल्या आल्या अडवायला लावली, तीही सगळ्यात कडक पातळीवर. शेजारच्या खोलीतून सरांना आत शिरता आलं नाही. सरांनी पाठ थोपटली. त्यानंतर दर वेळी तेच. हाताला वळण लागलं. त्या खोट्या ऑफिसात कुणी माणूस बसलेला नव्हता, ही गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. माझं काम अडलंय हो, अशी तक्रार घेऊन तिथे कुणी येत नव्हतं. निरपराध माणसाला अडवलं म्हणून त्या वर्गात कधी कुणाचा एक गुणसुद्धा कापला गेला नव्हता.

भाऊजी पास झाले. ताईने प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि ती दिवाणखान्यात अशी लावली की दार उघडताच दिसावी. हॉस्पिटलने त्यांना नवं ओळखपत्र दिलं, त्यावर 'प्रमाणित' असा शब्द होता. मी खिडकीतून ओरडले, "काय हो वायरवाले?" तर उलट उत्तर आलं, "प्रमाणित वायरवाले म्हणायचं." आयुष्यात पहिल्यांदा ते मला उलट बोलले होते. मला इतका आनंद झाला की मी पुढच्या पेशंटला भलत्याचाच रिपोर्ट देणार होते.

पेटी बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला होता, "आधी थोडे दिवस नुसती बघू द्या." भाऊजींनीच हे मला नंतर सांगितलं. त्यांनी त्याला उत्तर दिलं होतं, "बघत बसायला नाही शिकवलं आम्हाला." साहेबांनी दबाव टाकला होता असं मला कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तसं काही नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने, अभिमानाने, पेटी अडवायला लावली.

पहिले काही दिवस काहीच बिघडलं नाही. मग समितीचा दिवस उजाडला. नेमकं त्या सकाळी लॅबचं मोठं मशीन दुरुस्तीला उघडलेलं होतं. दुपारी ते सुरू झालं, आणि सकाळभर तुंबलेले सगळे रिपोर्ट त्याने एकदम, सगळ्या वॉर्डांकडे, भराभर फेकले. मशीन जुनं, त्याची बोलण्याची तऱ्हाही जुनी. पेटीला वाटलं, कुणीतरी एका कॉम्प्युटरवरून सगळीकडे शिरू पाहतंय. चोर अगदी असंच करतो. तिने लॅबची वाट बंद केली. मशीनला त्याचा पत्ता नव्हता; त्याच्या पडद्यावर 'पाठवले' असंच दिसत होतं.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर समितीची माणसं भाऊजींच्या पेटीच्या खोलीत उभी होती. पडद्यावर एकाखाली एक लाल ओळी धडाधड पडू लागल्या. भाऊजींनी बोट दाखवून सांगितलं, "बघा, आत्ता आपल्यासमोर हल्ला चालू आहे, आणि तो अडवला जातोय." साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

त्या लाल ओळींमध्ये वॉर्डातल्या एका बाईचं रक्त होतं. किडनीच्या आजाराने भरती झालेली, चाळिशीची. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. वेळेवर कळलं तर त्यावर इंजेक्शन असतं, उपाय असतात. तिचा नवरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सकाळपासून तो सिस्टरच्या टेबलाशी जाऊन विचारत होता, रिपोर्ट आला का? सिस्टर पडद्याकडे बघून सांगत होती, नाही अजून. शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा तो बायकोला म्हणाला, पोरं फाटकात उभी राहतील, सोडून लगेच येतो. तो परत आला तेव्हा तिच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी घडली, ती सांगायलाच हवी. त्याच वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची मुलगी जिभेची तिखट. रिपोर्ट येत नाही म्हणताच तिने सिस्टरच्या टेबलावर हात आपटून वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टरने वैतागून वॉर्डबॉय मामांना खाली पिटाळलं. मामा धापा टाकत माझ्या खिडकीशी आले, मी म्हाताऱ्यांचा रिपोर्ट छापून त्यांच्या हातात दिला, आणि ते कुरकुरत वर गेले. टेक्निशियनने भाऊजींच्या खोलीत फोनही लावला. समिती तिथे असल्यामुळे तो कुणी उचलला नाही. पडदा रुसला असेल, असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले. म्हातारे दोन दिवसांनी चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी माझ्या खिडकीशी आले. चेहरा असा की मला वाटलं, ताईला काही झालं. म्हणाले, "कालचा हल्ला सगळा लॅबमधूनच आलेला दिसतोय. कालच्या दुपारचे लॅबचे रिपोर्ट मला एकदा बघू दे." मी दाखवले. त्यांनी एकेक वेळ आपल्या मोबाईलमधल्या लाल ओळींशी ताडून पाहिली. त्या बाईच्या रिपोर्टपाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. मग ते खिडकीखाली जमिनीवरच बसले. रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

ते उठून सरळ साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं. पेटी नुसती बघायच्या रीतीवर आली, वॉर्डात फोन करण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली, आणि तांत्रिक अडचण अशा दोन शब्दांत चौकशी आटोपली. त्या बाईच्या घरच्यांना सांगितलं होतं की हृदय बंद पडलं. ते खोटंही नव्हतं. मानांकन मिळालं. भाऊजींना बढती मिळाली, स्वतंत्र केबिन मिळाली, आणि बजावण्यात आलं की हा विषय बाहेर गेला तर नोकरी गेली म्हणून समजा.

ते त्या केबिनमध्येही दोनदा टकटक करून शिरायचे.

वरवर सगळं सुरळीत होतं. पण तो बसवाला माझ्या खिडकीशी यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा बायकोचे जुने रिपोर्ट हवेत म्हणाला. पुन्हा आला तेव्हा काहीच हवं नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून म्हणाला, "मॅडम, मी पोरांना सोडायला गेलो नसतो तर? मी तिथे उभा राहून आरडाओरडा केला असता तर कुणीतरी बघितलं असतं ना? बायको म्हणाली होती, थांबा जरा." बसची नोकरी त्याने सोडली होती. शाळेच्या फाटकाजवळून जायला नको म्हणून लांबचा रस्ता धरतो, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

हे मी भाऊजींना सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मी त्याला जाऊन सांगतो."

ताईने आकाशपाताळ एक केलं. "नोकरी घालवायची आहे का? ती बाई परत येणार आहे का तुमच्या सांगण्याने? स्वतःचं मन हलकं करायला दुसऱ्याच्या दारात जायचं?" शेवटचं वाक्य मलाही टोचलं, कारण त्यात तथ्य होतं. भाऊजी म्हणाले, "तो स्वतःला दोष देतोय. दोष माझा आहे. तो मी घेऊन येतो." त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, असं मी म्हणाले ना? त्या दिवशी ते ताईला नाही म्हणाले.

मला घर माहीत होतं, म्हणून मी सोबत गेले. जिना चढून एक खोली. खुंटीवर ड्रायव्हरचा निळा शर्ट, त्यावर धूळ. टेबलावर बायकोचा चष्मा, घडी न घातलेला, जणू आत्ताच काढून ठेवलाय. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसला. भाऊजींनी सुरुवात केली ती पेटीपासून, मग प्रशिक्षणाबद्दल, मग पातळ्यांबद्दल. त्याला काही कळेना. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, सरळ सांगा."

मग त्यांनी सरळ सांगितलं. "रिपोर्ट झाला होता. वेळेवर झाला होता. मी लावलेल्या पेटीने तो वर जाऊ दिला नाही. पेटी कशी लावायची ते पुस्तकात लिहिलेलं होतं, मी ते केलं नाही. तुमची बायको माझ्यामुळे गेली. माफी मागायला आलोय."

मला वाटलं, आता हा उठून यांच्या श्रीमुखात भडकावणार. भाऊजींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मान थोडी पुढे केली होती. पण बसवाला दुसऱ्याच कशाशी तरी झगडत होता.

"थांबा," तो म्हणाला. "रिपोर्ट झाला होता?"

"हो."

"म्हणजे खाली तयार होता?"

"हो."

"मग मी तिथे असतो तर? पोरांना आणायला गेलो नसतो, सिस्टरच्या डोक्यावर बसलो असतो, तर कुणी खाली जाऊन घेऊन आलं असतं?"

माझ्या डोळ्यांसमोर धापा टाकणारे मामा उभे राहिले. माझ्या हातातला तो छापलेला कागद. भाऊजींना ते सगळं ठाऊक होतं, मीच त्यांना सांगितलं होतं. आणि भाऊजी तर खरं सांगायला म्हणून नोकरीवर पाणी सोडून इथवर आला होता.

"नाही," भाऊजी म्हणाले. "काही उपयोग झाला नसता. सगळंच बंद होतं. त्या दुपारी कुणाचाच रिपोर्ट आला नाही. तुम्ही छाती पिटली असती तरी आला नसता."

बसवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही तर खिडकीतच असता. खरं सांगतायत हे?"

"खरं आहे," मी म्हणाले.

तो रडायला लागला. महिनोन्महिने अंगावर असलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा तो रडला. मग उठून त्याने चहा केला, आम्ही नको नको म्हणत असताना केला, आणि भाऊजींच्या हातात कप देताना म्हणाला, "तुम्ही आलात म्हणून कळलं. नाहीतर मी असाच मेलो असतो. कोण येतं हो असं सांगायला?"  भाऊजींनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. तसा जड चहा मी आयुष्यात कधी प्यायले नाही.

बसवाल्याने कुठेही तक्रार केली नाही. भाऊजींनीच दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं की मी त्याला भेटून आलो. त्या आठवड्यातच त्यांना काढलं. आता ते दुकानांमध्ये कॅमेऱ्यांच्या वायरी ओढतात, पुन्हा शिडीवर चढतात. ताईने ती फ्रेम अजून उतरवलेली नाही. का, ते मी विचारत नाही.

सकाळी भाऊजी आणि मी एकाच थांब्यावर उभे असतो. बसवाला परत कामावर गेलाय. पोरांनी भरलेली ती बस वळणावरून आली की तो आम्हाला बघून हॉर्न वाजवतो आणि हात करतो. निळा शर्ट स्वच्छ धुतलेला असतो. भाऊजी हात वर करतात आणि बस पुढे जाईपर्यंत तो तसाच ठेवतात.

एकदा ते म्हणाले, "त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "सगळं खरं सांगितलं असतं, तर घातल्या असत्या."

"मला नसत्या घातल्या," ते म्हणाले. "स्वतःला घातल्या असत्या."